दोन समुद्रांमधील वाट : गोदावरीचा अपुरा जलमार्ग आणि पनामाचा पुरा कालवा

धान्याचा भाव शेतात ठरतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. घाऊक धान्याच्या धंद्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास मात्र हे पक्के ठाऊक असते की, भावाचा मोठा भाग वाटेवर ठरतो. काकिनाड्याच्या किनाऱ्यावर तांदूळ स्वस्त असावा आणि त्याच वेळी रायचूरकडे तो दुपटीने महाग असावा, असे पूर्वी अनेकदा घडे. या दोन भावांमधील अंतरात व्यापाऱ्याचा नफा थोडा असतो. गाडीभाडे, हमाली, जकात, पोत्यांची गळती आणि उशीर यांचाच वाटा मोठा असतो. वाट स्वस्त झाली की धान्य दूर जाते आणि भुकेल्या मुलखात पोहोचते. वाट महाग असली की ते वखारीत पडून राहते. म्हणून वाटांचा इतिहास हा व्यापाऱ्यांचाच इतिहास आहे, असे मी मानतो.

जगातील वाटांमध्ये दोन समुद्रांना जोडणारे कालवे सर्वांत प्रसिद्ध होत. सुएझचा कालवा १८५९ मध्ये खणावयास घेतला आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. त्यायोगे मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जहाजाचा आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा चुकला आणि चार हजार मैलांहून अधिक प्रवास वाचला. पनामाचा कालवा १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुला झाला व अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर जोडले गेले. या गोष्टी आपल्या मुलांना शाळेतच शिकविल्या जातात. परंतु दोन समुद्रांना जोडणारी अशीच एक जलवाट आपल्या दख्खनमध्ये, जुन्या हैदराबाद संस्थानाच्या सीमेवरून आणि वऱ्हाडातून नेण्याचा बेत झाला होता, तिच्या पूर्वार्धाचे काम प्रत्यक्ष सुरूही झाले होते आणि दहा-बारा वर्षांनी ते सोडून देण्यात आले, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक आहे. ती का सुरू झाली, का थांबली, आणि तसल्याच अडचणींतून पनामा कसा पार पडला, हे सभासद बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दख्खनचा उतार

प्रथम भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. गोदावरी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी, म्हणजे पश्चिम समुद्राच्या अगदी शेजारी उगम पावते. तरीही सह्याद्रीला पाठ करून ती पूर्वेकडे वळते आणि पैठण, नांदेड, बासर असे करीत सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. वाटेत कालेश्वर येथे, सिरोंचाच्या समोर, तिला प्राणहिता मिळते. ही प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांचा एकत्र प्रवाह. म्हणजे वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा या साऱ्या मुलखाचे पाणी शेवटी गोदावरीतूनच पूर्व समुद्रास जाते.

आता दुसरी गोष्ट. वर्धा नदी ज्या मुलताई तालुक्यात उगम पावते, त्याच तालुक्यात तापीचाही उगम आहे. एकाच डोंगराळ मुलखातून निघालेल्या या दोन नद्यांपैकी एक पूर्वेस आणि दुसरी खानदेशातून सुरतेस, पश्चिम समुद्राकडे जाते. नकाशावर बोट ठेवून पाहिले, तर काकिनाड्याहून गोदावरीने वर यावे, प्राणहितेत शिरावे, वर्धेने वऱ्हाडापर्यंत चढावे, मधली थोडी जमीन कालव्याने ओलांडावी आणि तापीने सुरतेस उतरावे, अशी एक सलग रेषा दिसते. ही रेषा ज्याच्या मनात ठसली, तो पुरुष म्हणजे सर आर्थर कॉटन.

कॉटन साहेबांचा बेत

आर्थर कॉटन (१८०३–१८९९) हे मद्रास इलाख्यातील सैनिकी इंजिनीअर. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात त्यांनी गोदावरीवर प्रचंड बंधारा बांधला आणि दुष्काळाने पोळलेला तो मुलूख भाताचे कोठार बनविला. या बंधाऱ्यापासून निघालेले कालवे केवळ शेतीसाठी नव्हते. त्यांतून नावा चालत. भात, मीठ, लाकूड व उतारूही जात. रस्त्यावर जे ओझे ओढताना बैलजोडीला घाम फुटतो, त्याच्या वीसपटीहून अधिक ओझे नावेत घालून काठावरून दोरीने ओढता येते. पाणी भार उचलून धरते आणि जनावरास फक्त तो पुढे न्यावा लागतो, एवढेच याचे रहस्य आहे. लोहमार्ग लवकर नेईल, परंतु पाणी स्वस्तात नेईल. आणि धान्यासारख्या जड व अल्पमोली मालास घाईपेक्षा स्वस्ताई हवी, असे कॉटन जन्मभर सांगत राहिले.

त्या काळी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर घालून मुंबईकडे किंवा पार उत्तरेस गंगाकाठच्या मिर्झापूरकडे नेला जाई, आणि पूर्व किनाऱ्याचे मीठ त्याच रीतीने आत येई. पावसात भिजलेला आणि वाटेच्या धुळीने माखलेला तो कापूस पेठेत पोहोचेतो त्याचे मोल निम्मे उरे. इंग्लंडातील गिरणीवाल्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. त्यासाठी मँचेस्टर येथे १८५७ मध्ये कापूस पुरवठा संघही स्थापन झाला. गोदावरी नावांसाठी खुली करावी, या मागणीस त्यांनी जोर लावला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले.

राजकीय वाटही मोकळी करून घेण्यात आली. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होण्याच्या सुमारासच वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले, त्याच्याकडील ५० लाखांचे कर्ज माफ झाले, आणि त्याच्या मोबदल्यात गोदावरीच्या डाव्या तीरावरील काही मुलूख इंग्रजांना देऊन नदीतील वाहतूक जकातीतून मुक्त करण्यात आली. ज्या काळात प्रत्येक सरहद्दीवर व्यापाऱ्याची थैली सैल होत असे, त्या काळात एवढ्या मोठ्या नदीवर जकात नसावी, हे कलम आपल्या दृष्टीने लहानसहान नव्हे. डाव्या तीरावरच्या त्या मुलखाचा 'अपर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे बनले. मध्य प्रांताचे प्रमुख सर रिचर्ड टेंपल, जे पुढे १८६७ मध्ये हैदराबादेस रेसिडेंट म्हणून आले, तेही या योजनेचे कैवारी होते.

तीन अडथळे

काम कॅप्टन हेग यांच्याकडे होते. नदीची पाहणी होताच असे दिसून आले की, पाण्याची वाट तीन ठिकाणी खडकांच्या पट्ट्यांनी अडविली आहे. पहिला पट्टा भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेम येथे. दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्ली येथे. आणि तिसरा प्राणहितेवर, अहेरीच्या बाजूस देवलमरी येथे. या ठिकाणी नदी खडकांतून खळाळत उतरते आणि भरलेली नाव तेथे चालत नाही. त्यावरचा उपाय असा की, खडकांच्या माथ्यावर बंधारा घालून पाणी उंच करावे, बाजूने कालवा काढावा आणि त्या कालव्यात जलपाश बांधावेत.

जलपाश, ज्यास इंजिनीअर लॉक म्हणतात, तो म्हणजे दोन्ही बाजूंस दरवाजे असलेला पाण्याचा हौद. खालून आलेली नाव त्यात घेऊन खालचा दरवाजा बंद करावयाचा आणि वरचे पाणी आत सोडावयाचे; पाणी चढले की नाव आपोआप वर येते. मग वरचा दरवाजा उघडला की ती पुढील पाण्यात निघून जाते. उतरताना हाच क्रम उलटा. नावेस वर चढविण्यास ना बैल लागतो, ना यंत्र. परंतु प्रत्येक खेपेस एक हौदभर पाणी वरून खाली जाते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे पनामात याचाच हिशेब महत्त्वाचा ठरला.

दुम्मुगुडेमचे काम सर्वांत पुढे गेले. तेथील बंधारा उभा राहिला व तो आजही नदीत आहे. वरच्या दोन अडथळ्यांवरचे काम मात्र तडीस गेले नाही.

काम का थांबले

१८७१ मध्ये हिंदुस्थान सरकारने ही योजना सोडून दिली. त्यामागील कारणे व्यापाऱ्याने नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण लोहमार्गाचे. मुंबईहून निघालेला रेल्वेचा फाटा थळ घाट ओलांडून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. ज्या कापसाच्या आशेवर गोदावरीचा बेत रचला होता, तो कापूस वर्धा, हिंगणघाट, अमरावती येथून सरळ मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागला. आणि सुएझ खुला झाल्यावर मुंबईचे आकर्षण अधिकच वाढले. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेल्यावर आपले दुकान बांधून पुरे करण्याचा उत्साह कोणास राहणार?

दुसरे कारण वाटेच्या सलगतेचे. तीन अडथळ्यांपैकी एक जरी राहिला, तरी नाव खाली रिकामी करावी लागते, माल गाड्यांत भरावा लागतो, अडथळ्याच्या वर नेऊन दुसऱ्या नावेत चढवावा लागतो. दोनदा हमाली, दोनदा गळती, शिवाय वखारीचे भाडे आणि चोरीची धास्ती. दहा कोस वाट जमिनीवरून आली की शंभर कोसांच्या पाण्याची स्वस्ताई तीत गडप होते. इमारतीचे तीन मजले ठरवून एकच बांधला, तरी त्यात राहता येते. वाटेचा एक तृतीयांश बांधला, तर मालधन्यास त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. या योजनेचा खर्च वाढत गेला आणि उत्पन्न दिसेना, याचे मूळ येथे आहे.

तिसरे कारण पाण्याचे. गोदावरी पावसाळ्यात समुद्रासारखी फुगते आणि उन्हाळ्यात माणूस पायी ओलांडू शकेल इतकी आटते. वर्षातून काही महिनेच जिच्यावर माल चालतो, त्या वाटेवर बाराही महिन्यांचा व्यापार उभारता येत नाही.

चौथे कारण तापाचे. सिरोंचा ते भद्राचलम हा दाट जंगलाचा मुलूख. पाऊस ओसरला की तेथे हिवताप सुरू होई. मजूर आजारी पडत, मरत किंवा पळून जात, आणि नवे मजूर यावयास धजत नसत. जंगलातील दूषित हवेने हा ताप येतो, अशीच तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती. शत्रू कोण, हेच ठाऊक नसल्यावर त्याच्याशी लढावयाचे कसे?

१८७७ चा धडा

योजना सोडल्यानंतर पाच-सहा वर्षांतच, १८७६ ते १८७८ या काळात, दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. मद्रास इलाखा, म्हैसूर, मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग आणि आपल्या संस्थानातील रायचूर-गुलबर्ग्याची बाजू होरपळून निघाली. बंगालमधून समुद्रमार्गे तांदूळ मद्रासेस आला. परंतु तेथून आत नेण्यास रेल्वेची शक्ती अपुरी पडली. बंदरावर धान्याच्या पोत्यांचे ढीग भिजत पडले असता आतल्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. धान्य होते, पैसा होता, वाट नव्हती. धान्याच्या व्यापाऱ्याने विसरू नये असा हा प्रसंग आहे.

याच सुमारास, १८७८ मध्ये, वृद्ध कॉटन यांनी इंग्लंडच्या पार्लमेंटच्या समितीपुढे आपला संपूर्ण बेत मांडला : गंगेने वर जाऊन सिंधूने खाली उतरणारा कलकत्ता–कराची मार्ग, गोदावरीने वर जाऊन तापीने उतरणारा काकिनाडा–सुरत मार्ग, तुंगभद्रेवरून कारवारास जाणारा मार्ग, आणि पालघाटमधून मलबार किनाऱ्यास जाणारा मार्ग. हे चारही मार्ग पूर्व व पश्चिम समुद्रांना जोडणारे होते. समितीने त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही. सरकारचा कल रेल्वेकडेच राहिला.

न्यायाने बोलावयाचे तर, काकिनाडा–सुरत मार्ग त्यांना वाटत होता तितका सोपा नव्हता. मुलताईची उंची समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांहून अधिक आहे. वऱ्हाडच्या मैदानातून गेले, तरी मधला उंचवटा ३०० मीटरांच्या वर राहतो. इतक्या उंचीवर शेकडो नावांना चढउतार करविण्यास लागणारे पाणी, आठ महिने कोरड्या राहणाऱ्या त्या मुलखात, मोठमोठी धरणे बांधल्याशिवाय कोठून येणार होते? कॉटन यांचे निदान बरोबर होते. औषध महाग होते. तरीही गोदावरीचा पूर्वार्ध पुरा झाला असता, तर चांद्यापासून समुद्रापर्यंतचे धान्य स्वस्तात हलले असते, असे मला वाटते.

पनामात तेच अडथळे

आता पनामाकडे वळू. तेथेही ताप, पाणी आणि पैसा हेच प्रश्न उभे राहिले. सुएझचे यशस्वी कर्ते फर्दिनांद द लेसेप्स यांनी १८८१ मध्ये फ्रेंच कंपनीतर्फे तेथे काम सुरू केले. सुएझ सपाट वाळवंटात होते; तेथे समुद्राच्या पातळीवर सरळ चर खणला आणि जलपाशाची गरजच पडली नाही. पनामात मध्ये डोंगर, चाग्रेस नदीचे पूर आणि आठ महिने पाऊस. तरीही लेसेप्स यांनी समुद्रपातळीच्या कालव्याचाच हट्ट धरला. खणलेल्या दरडी पुन्हा कोसळत. पीतज्वर आणि हिवताप यांनी माणसे मरत. फ्रेंचांच्या काळात सुमारे २० हजारांहून अधिक बळी गेले, असा अंदाज आहे. संकट दडवून नवे नवे रोखे विकण्यात आले, वर्तमानपत्रांना पैसे चारून स्तुती छापविण्यात आली, आणि १८८९ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. फ्रान्समधील लाखो लहान गुंतवणूकदारांची आयुष्याची पुंजी त्यात बुडाली. खोटा ताळेबंद लिहिणाऱ्या पेढीचा शेवट सर्व देशांत सारखाच असतो.

या दोन अपयशांना यशाकडे वळविणारा शोध आपल्याच शहराच्या शेजारी लागला, ही गोष्ट प्रत्येक हैदराबादकराने अभिमानाने सांगावी. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, बेगमपेठ येथे, लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी हुसेनखान नावाच्या हिवतापाच्या रुग्णास चावलेला डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे जंतू वाढत असलेले त्यांना आढळले. रुग्णास दर डासामागे एक आणा देण्याचा करार होता! हिवताप दूषित हवेने न होता डासामुळे होतो, हे सिद्ध करण्याची वाट या शोधाने खुली झाली. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पीतज्वरही डासानेच पसरतो, हा क्यूबातील डॉ. फिनले यांचा तर्क १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने खरा ठरविला.

अमेरिकेने १९०४ मध्ये पनामाचे काम हाती घेतले, तेव्हा डॉ. गॉर्गस यांनी आधी डासांविरुद्ध मोहीम उघडली. साचलेल्या पाण्यावर तेल टाकले, डबकी बुजविली, गटारे काढली, घरांना जाळ्या लावल्या, रोग्यांना जाळीआड ठेवले. दोनएक वर्षांत पीतज्वर नाहीसा झाला आणि हिवताप आटोक्यात आला. तरीही अमेरिकन काळात ५,६०९ माणसे दगावली. त्यांत बार्बाडोस, जमैका इत्यादी बेटांवरून आलेले गरीब मजूर पुष्कळ होते. त्यांची आठवण ठेवल्यावाचून या कालव्याची स्तुती करू नये.

पाण्याचा प्रश्नही त्यांनी उलट्या बाजूने सोडविला. चाग्रेसच्या पुराशी भांडण्याऐवजी तिच्यावर धरण बांधून गाटुन नावाचा विस्तीर्ण तलाव केला. जहाज जलपाशांच्या पायऱ्यांनी सुमारे २६ मीटर वर चढते, तलावातून पुढे जाते आणि पलीकडे पुन्हा पायऱ्यांनी उतरते. ज्या नदीने फ्रेंचांचे काम बुडविले, तीच आज कालव्यास पाणी पुरविते. एका जहाजाच्या पारगमनास सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी खर्च होते. म्हणूनच २०२३ मध्ये तेथे पाऊस कमी झाला, तेव्हा रोज सोडावयाच्या जहाजांची संख्या घटवावी लागली आणि धान्याची जहाजे कित्येक दिवस रांगेत अडकून पडली.

हिशेबाची बाजू

या दोन हकिगती शेजारी ठेवल्या की काय दिसते? गोदावरीवर अक्कल कमी नव्हती आणि मेहनतही कमी नव्हती. परंतु वाट सलग होईपर्यंत पैसा ओतत राहण्याची तयारी नव्हती, बारमाही पाण्याची तरतूद नव्हती, आणि मजुराच्या प्रकृतीचे ज्ञान तर जगातच कोणापाशी नव्हते. पनामात या तिन्ही बाबी एकत्र आल्या, तेव्हाच दोन महासागर भेटले. त्यांतील मजुराच्या प्रकृतीची बाब जमाखर्चात सहसा कोणी लिहीत नाही. पण पहिल्या कंपनीस बुडविण्यात दरडींइतकाच तापाचाही हात होता.

गोदावरीच्या जलमार्गाचा विचार पुरता मेलेला नाही. २००८ मध्ये काकिनाडा ते पुदुच्चेरी या जुन्या कालव्यांसह गोदावरी व कृष्णेचे काही भाग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ म्हणून जाहीर झाले, आणि २०१६ च्या कायद्याने गोदावरीवरील हा मार्ग कागदोपत्री नाशिकपर्यंत वाढविण्यात आला. इंचमपल्लीचे नाव आता नदीजोड योजनेत पुन्हा ऐकू येते. मात्र तेथील पाणी शेतीसाठी दक्षिणेस वळविण्याचा तो विचार आहे, नावांसाठी नव्हे. जाहीर झालेली वाट आणि चालती वाट यांत केवढे अंतर असते, हे गोदावरीने एकदा दाखवून दिले आहे.

आपल्या तरुण सभासदांस माझी एक सूचना आहे. भद्राचलमच्या यात्रेस जाल तेव्हा थोडे वर जाऊन दुम्मुगुडेमचा जुना बंधारा अवश्य पाहावा. आणि बेगमपेठेतील रॉस यांची ती लहानशी इमारत, जी आता उस्मानिया विद्यापीठाच्या ताब्यात आहे, मुलांना बरोबर नेऊन दाखवावी. एका ठिकाणी वाट कशी अडली, ते दिसेल. दुसऱ्या ठिकाणी ती कशी मोकळी झाली, ते समजेल. आणि पुढच्या खेपेस पोत्यावर वाहतुकीचा खर्च मांडताना, तो आकडा कमी करण्यासाठी किती माणसांनी आयुष्य वेचले, याचे स्मरण राहील.